ब्राउनबाईंचा सरकता कॅमेरा

घराबाहेर किंवा दुकानाबाहेर फिरणारा, झूम होणारा कॅमेरा घ्यायचा म्हटलं की आपण आधी मेगापिक्सेल बघतो. त्यापूर्वी हा इतिहास वाचा.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नर्स होत्या. अवेळी घरी एकट्या असत, आणि पोलिसांना बोलावलं तरी ते लवकर येत नसत. दार न उघडता बाहेर कोण आहे ते कळावं, एवढाच त्यांचा प्रश्न. पती अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ. दोघांच्या आराखड्यात दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोकं होती आणि त्यांमागे वर-खाली सरकणारा कॅमेरा. कारण येणारा माणूस उंच असेल, नाहीतर लहान मूल! चित्र खोलीतल्या पडद्यावर दिसे. तिथूनच बोलता येई, दार उघडता येई. १९६६ साली अर्ज केला, २ डिसेंबर १९६९ रोजी पेटंट मिळालं.

म्हणजे कॅमेरा का हलवायचा, हे प्रश्नाने ठरवलं. आज पीटीझेड घेतानाही तेच विचारा. तो एका वेळी एकाच दिशेला बघतो. फाटकाकडे वळला की मागची भिंत सुटते. फाटक सतत दिसायला हवं असेल, तर स्थिर कॅमेराच बरा. मोठ्या आवारात लांबची नंबरप्लेट वाचायची असेल, तर पीटीझेड घ्या, पण ऑप्टिकल झूमचा. डिजिटल झूम आहेत तेच पिक्सेल मोठे करतो, नवा तपशील देत नाही.

प्रयोगशाळेतलं उपकरण निवडतानाही आधी आपला प्रश्न एका वाक्यात लिहा. वाक्य जमत नसेल, तर खरेदी थांबवा.