ज्याची खावी पोळी

झाशीला बदली झाली तेव्हा पहिल्या रविवारी किल्ला पाहायचा, हे ठरवूनच आलो होतो. आमचे सुभेदार साहेब म्हणाले, "किला कहीं भागा नहीं जा रहा, पहले दद्दा से मिल लीजिए." झाशीत दद्दा म्हणजे मेजर ध्यानचंद. हीरोज मैदानावर त्यांची समाधी आहे. सकाळी पोरं तिथे हॉकी खेळत होती. आम्ही दोघांनी सॅल्यूट केला आणि थोडा वेळ उभे राहिलो.

तिथे उभं राहिलं की १५ ऑगस्ट १९३६ आठवतोच. बर्लिन ऑलिंपिकचा अंतिम सामना, भारत ८, जर्मनी १, आणि कर्णधार आपला फौजी. आपला संघ देणग्या गोळा करून तिथवर पोचला होता. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही त्याच वेळी बर्लिनमध्ये देशी खेळ दाखवून आलं. यजमानांनी मात्र सरकारी तिजोरी सताड उघडली होती. सामना आपण जिंकला, तो किस्सा घरोघरी माहीत आहे. ती तिजोरी पुढे कुठे कुठे उघडली, ते फारसं कोणी सांगत नाही. आज तेच सांगतो.

फौजेत नोकरी केलेल्यांना दोन शब्द पाठ असतात: पब्लिक फंड आणि रेजिमेंटल फंड. एक सरकारचा, दुसरा पलटणीचा. दोन्हींची वही वेगळी, तपासणी वेगळी. हॉकी स्टिक कुठल्या पैशातून आली, हे विचारणं म्हणजे संशय घेणं नव्हे, ती शिस्त आहे.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीकडे तेव्हा टीव्हीचा पैसा नव्हता. पहिलं महायुद्ध चालू असताना, १० एप्रिल १९१५ रोजी, संस्थापक पिएर द कुबर्तां यांनी तिचं मुख्यालय स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात नेलं. तटस्थ देशातल्या त्या नगरपालिकेने जागा दिली. तोही सार्वजनिक पैसाच. पण लोझानने जागा दिली, समितीचं तोंड मागितलं नाही.

बर्लिनचा हिशेब वेगळा होता. कुबर्तां यांची वडिलोपार्जित संपत्ती म्हातारपणी संपली होती. १९३६ साली जर्मन सरकारने त्यांना १०,००० राइशमार्क दिले. प्राचीन ऑलिंपियाचं उत्खनन १९३७ पासून जर्मनीच्या खर्चाने पुन्हा सुरू झालं. १९३८ मध्ये बर्लिनमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक संस्था उभी राहिली. खर्च जर्मन सरकारचा, संचालक कार्ल डीम. हे गृहस्थ १९३६ च्या स्पर्धांचे सरचिटणीस. ऑलिंपिक ज्योत धावत नेण्याची कल्पना त्यांचीच. ऑलिंपिक समितीचं अधिकृत वार्तापत्र आता या संस्थेच्या त्रैमासिकातून निघू लागलं. म्हणजे संघटना जगाची, आणि तिचा आवाज बर्लिनच्या छापखान्यात!

त्याच वर्षी जपानने उलटं केलं. १९४० चं ऑलिंपिक टोकियोला मिळालं होतं. पण चीनशी युद्ध पेटलं, लष्कराला पोलाद हवं होतं. जुलै १९३८ मध्ये जपानी सरकारने यजमानपद परत केलं. युद्धात खेळाचा पैसा बंद होतो हे सगळ्यांना कळतं. मला जास्त धास्ती वाटते ती युद्धाच्या तोंडावरही जो पैसा चालू राहतो त्याची.

मार्च १९३९ मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. तीनच महिन्यांनी, जूनमध्ये, समितीने १९४० चं हिवाळी ऑलिंपिक जर्मनीतल्या गार्मिश-पार्टेनकिर्खेनला दिलं. एकमताने! सप्टेंबरमध्ये पोलंडवर हल्ला झाला आणि नोव्हेंबरमध्ये जर्मनीनेच यजमानपद सोडलं. समितीने काढून घेतलं नाही, हे ध्यानात घ्या. पुढल्या वर्षी ब्रुसेल्स पडलं. समितीचे अध्यक्ष बाय्ये-लातूर तिथेच राहत. जर्मन क्रीडा अधिकारी त्यांच्या दारी गेले, समितीची नवी घडी आपल्या मर्जीने बसवायचा बेत घेऊन. तो तडीस गेला नाही. तटस्थ स्वीडनमधून उपाध्यक्ष एडस्ट्रॉम पत्रं लिहून सदस्यांना धरून राहिले. बर्लिनचं त्रैमासिक मात्र १९४४ पर्यंत निघत होतं.

शेवट ऐका. मार्च १९४५, रशियन फौजा बर्लिनच्या उंबरठ्यावर. ज्या क्रीडासंकुलात जगातले खेळाडू जमले होते, तिथे पोरवयाच्या मुलांना उभं केलं होतं. कार्ल डीम यांनी स्पार्टाचा दाखला देत त्यांना शेवटपर्यंत लढायला सांगितलं. त्या रांगेतला एक मुलगा, राइनहार्ट आपेल, पुढे नामवंत पत्रकार झाला आणि त्याने ही हकीकत जगाला सांगितली.

मी सैनिक आहे. देशासाठी मरण्याची भाषा मला परकी नाही. पण ती भाषा ऑलिंपिक संस्थेच्या संचालकाच्या तोंडी, कोवळ्या पोरांसमोर? आपल्याकडे म्हण आहे, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. टाळी वाजवता वाजवता माणूस कुठवर जातो, ते इथे दिसतं.

१९४८ ला लंडनने युद्धानंतरचं ऑलिंपिक काटकसरीत केलं. वेम्ब्लीचं जुनंच स्टेडियम, आणि बऱ्याच पुरुष खेळाडूंचा मुक्काम हवाई दलाच्या छावण्यांत. तिथेच स्वतंत्र भारताने ब्रिटनला ४-० हरवलं.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडू नका. युक्रेन युद्ध चालू असताना आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेचा मोठा आधार होता गाझप्रॉम, रशियन सरकारच्या मालकीची कंपनी. मार्च २०२३ मध्ये त्याच संघटनेच्या स्पर्धेत, दिल्लीत, आपल्या मुलींनी चार सुवर्णपदकं जिंकली. अनेक देश त्या स्पर्धेला आलेच नाहीत. जून २०२३ मध्ये ऑलिंपिक समितीने संघटनेची मान्यता काढली. पैशाचं हे परावलंबन हे त्यातलं एक कारण होतं. मुलींच्या पदकांना याने काहीही उणेपणा येत नाही. ठोसे त्यांनी स्वतःच्या हाताने मारलेत. हिशेब विचारायचा तो खुर्चीवरच्यांना.

सरकारने खेळाला पैसा द्यावा, जरूर द्यावा. पण जगाच्या संघटनेची तिजोरी एका लढणाऱ्या देशाच्या किल्लीने उघडत असेल, तर वही तपासायला हवी. आणि ती पहिली गोळी सुटण्याआधी.

परतताना सुभेदार साहेबांना हे सगळं सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "साहब, दद्दा की स्टिक का हिसाब तो साफ था न?" होता, साहेब. चोख होता.

जय हिंद.