तळटीप : ‘दुर्बिणीतून आतड्याचे ऑपरेशन’

* पोटावर लहान छिद्रे पाडून, आत कॅमेरा घालून केलेली शस्त्रक्रिया. कापलेले आतडे बाहेर काढायला एक छोटी चीर तरीही लागते. लेखकाने ते सांगायला हवे होते. १९९० च्या दशकात कर्करोगासाठी ही पद्धत वापरायला सर्जन कचरत, कारण छिद्रांच्याच जागी गाठ पुन्हा उगवल्याच्या नोंदी होत्या. भीती रास्तच होती. उत्तर अमेरिकेतील ४८ संस्थांमधल्या ८७२ रुग्णांच्या चाचणीने २००४ मध्ये ती निवळली : तीन वर्षांत रोग उलटला तो दुर्बिणीच्या गटात १६ टक्के, पोट उघडलेल्यांत १८ टक्के, जखमेत गाठ दोन्हीकडे एक टक्क्याहून कमी. मुक्काम सहा दिवसांवरून पाचावर आला, वेदनाशामके कमी लागली. पाचांतल्या एकाचे पोट मात्र अखेर उघडावेच लागले. हे आकडे मोठ्या आतड्याचे. गुदाशयाच्या कर्करोगाला ते जसेच्या तसे लावू नयेत. – संपादक