नाशिकची बाटली आणि पोटातलं बाळ

आजचा विषय आहे वाइनच्या बाटलीवरची बारीक अक्षरं.

नाशिकच्या सुलाची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली. ‘वाइन म्हणजे काही दारू नव्हे’ असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. पण पोटातल्या बाळाला हा फरक कळत नाही. आईच्या रक्तातलं अल्कोहोल वारेतून त्याच्यापर्यंत जातं. त्याचं यकृत कच्चं, आणि मेंदू तर नऊही महिने घडत असतो. दिवस गेलेत हे कळेपर्यंत चार-सहा आठवडे उलटलेलेही असतात. म्हणून सुरक्षित असा एक पेलाही डॉक्टर सांगत नाहीत. कधीही थांबवली तरी फायदाच.

हे कळायला फार उशीर झाला. फ्रान्समधलं नान्त हेही द्राक्षमळ्यांचं शहर. तिथल्या पॉल लमुआन या बालरोगतज्ज्ञाने 1968 साली दारूच्या आहारी गेलेल्या पालकांच्या 127 मुलांच्या नोंदी छापल्या. खुंटलेली वाढ, चेहऱ्याची ठरावीक ठेवण, मागे पडलेली बुद्धी. लेख फ्रेंचमध्ये, स्थानिक नियतकालिकात. बाहेर कोण वाचतो! 1973 मध्ये सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ यांनी ‘लॅन्सेट’मध्ये हीच लक्षणं मांडली, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं.

अमेरिकेत 1989 पासून प्रत्येक बाटलीवर गरोदर स्त्रियांसाठी इशारा सक्तीचा आहे. आपल्याकडे 2019 पासूनचा सक्तीचा इशारा म्हणतो: मद्य आरोग्याला घातक, पिऊन गाडी चालवू नका. गरोदरपणाचा उल्लेखच नाही. म्हणजे नाशिकचीच वाइन अमेरिकेत विकायची तर ती ओळ छापावी लागते, नाशिकच्या दुकानात मात्र नाही.