नवचालकाचा वाहन परवाना : निरसन व पुनःप्राप्ती

चालन परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर ठराविक मुदतीत वाहतुकीचे अपराध करणाऱ्या नवचालकाचा परवाना रद्द करून त्यास तो पुन्हा परीक्षा देऊन मिळवावयास लावणारी विधिव्यवस्था. ग्रेट ब्रिटनमध्ये ती ‘रोड ट्रॅफिक (न्यू ड्रायव्हर्स) ॲक्ट, १९९५’ या अधिनियमाने निर्माण झाली व १ जून १९९७ पासून अंमलात आली. नवचालकाचा परवाना हा प्रारंभीच्या काळात सशर्त असतो, हे तत्त्व तिच्या मुळाशी आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : ब्रिटनमध्ये मोटारचालकास परवान्याची सक्ती १९०३ च्या मोटारगाडी अधिनियमाने १ जानेवारी १९०४ पासून झाली. सतरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीस पाच शिलिंग भरून मोटारगाडीचा परवाना मिळे. तिला गाडी चालविता येते किंवा कसे, याची परीक्षा नसे. मात्र अपराधाची नोंद परवान्यावर करण्याचा व परवाना निलंबित करण्याचा अधिकार याच अधिनियमाने न्यायालयांना दिला होता. म्हणजे परवाना काढून घेण्याची तरतूद आधी झाली आणि तो देण्यापूर्वी परीक्षा घेण्याची तीन दशकांनी. १९३४ च्या रस्ता वाहतूक अधिनियमानुसार १९३५ च्या मार्चमध्ये परीक्षा ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली. १ एप्रिल १९३४ रोजी वा त्यानंतर वाहन चालवू लागलेल्यांना ती १ जून १९३५ पासून सक्तीची झाली.

वारंवार होणाऱ्या लहान अपराधांची बेरीज करून चालकास अपात्र ठरविण्याची पद्धत १९६२ च्या अधिनियमाने आणली. पुढे १९८१ च्या परिवहन अधिनियमान्वये १९८२ पासून दंडगुणांची पद्धत आली. तीन वर्षांत बारा दंडगुण झाल्यास चालक सामान्यतः किमान सहा महिने अपात्र ठरतो. अनुभवी व नवख्या चालकांस हीच मर्यादा लागू होती. अपघातांत नवचालकांचे प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने अधिक असल्याने १९९५ च्या अधिनियमाने त्यांच्यासाठी ती निम्म्यावर आणली.

कार्यपद्धती : पहिली चालन परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून दोन वर्षे हा परिवीक्षाकाल होय. या काळात घडलेल्या अपराधामुळे एकूण दंडगुण सहा वा अधिक झाल्यास परवाना रद्द होतो. अपराधाची तारीख महत्त्वाची असते, दोषसिद्धीची नव्हे. शिकाऊ परवान्यावरील अद्याप हिशेबात येणारे दंडगुणही बेरजेत धरले जातात. विमा नसताना वाहन चालविण्यास किमान सहा दंडगुण आहेत. हाती धरलेल्या भ्रमणध्वनीच्या वापराबद्दलचे दंडगुण १ मार्च २०१७ पासून तिनावरून सहा करण्यात आले. त्यामुळे असा एकच अपराध नवचालकाचा परवाना जाण्यास पुरेसा ठरतो.

परवाना रद्द झालेल्या व्यक्तीस शिकाऊ परवान्यासाठी तत्काळ अर्ज करता येतो. तिला गाडीवर ‘एल’ अक्षराची पाटी लावून, जाणत्या परवानाधारकास शेजारी बसवून गाडी चालवावी लागते, आणि लेखी व प्रात्यक्षिक अशा दोन्ही परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. उत्तीर्ण झाल्यावर पूर्ण परवाना मिळतो व नवा परिवीक्षाकाल सुरू होत नाही. परंतु पूर्वीचे दंडगुण पुसले जात नाहीत.

अपात्रता व निरसन : न्यायालयाने ठरविलेली अपात्रता मुदतीची असते आणि अल्प मुदतीची असल्यास ती संपताच वाहन चालविता येते. निरसनास मुदत नसते. तो चालकास पुन्हा शिकाऊ बनवितो. बारा दंडगुणांमुळे येणारी अपात्रता असाधारण हालअपेष्टांच्या कारणास्तव टाळण्याची वा कमी करण्याची विनंती न्यायालयास करता येते. निरसन मात्र अनिवार्य असल्याने तेथे तशी सोय नाही. वाहनावरच उपजीविका असलेल्या तरुणास ही बाब फार जाचक ठरते. त्यामुळे दंडगुणांऐवजी अल्पकालीन अपात्रता द्यावी, अशी विनंती आरोपीच करतात, असा विरोधाभास निर्माण झाला. यामुळे संसदेचा हेतू विफल होत असल्याने असे करणे सामान्यतः अनुचित आहे, असे शिक्षाविषयक मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे.

मूल्यमापन : परीक्षा ही मुख्यतः ज्ञानाची व कौशल्याची असते, विमा न काढणे, अतिवेग किंवा भ्रमणध्वनीचा वापर हे दोष बव्हंशी वर्तनाचे असतात. ज्याला गाडी उत्तम चालविता येते, तोही ती बेजबाबदारपणे चालवू शकतो. ही उणीव जर्मनीने वेगळ्या रीतीने हाताळली. तेथे १९८६ पासून असलेल्या दोन वर्षांच्या परिवीक्षेत गंभीर अपराध झाल्यास चालकास प्रथम विशेष प्रशिक्षणवर्गास पाठविले जाते, तसेच १९९९ पासून त्याची परिवीक्षा चार वर्षांपर्यंत वाढविली जाते. भारतातही २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) अधिनियमाने अपात्रतेनंतर परवाना परत मिळण्यासाठी उजळणी प्रशिक्षणाची अट घातली; ती केवळ नवचालकांपुरती नाही. ब्रिटिश पद्धतीचे बळ शिकवणुकीपेक्षा धाकात आहे. परवाना गमावण्याच्या भीतीने चालक पहिली दोन वर्षे सावध राहावा आणि तेवढ्यात त्यास सावधपणाची सवय जडावी, ही तिच्यामागील अपेक्षा होय.