बटई आणि भागीदारी

माझा बा मुदखेडच्या शिवारात बटईनं रान करायचा. बी-खत निम्मं, घाम सगळा आमचा. खळं झालं की मालक आधी आपली उचल कापून घ्यायचा, मग वाटे पडायचे. एका साली त्यानं ज्वारीचं एक पोतंही घरी येऊ दिलं नाही. बा म्हणाला, "तोंडी ठरलं व्हतं. कुणाला सांगावं?"

पुढं मी गिरणीत लागलो. मस्टरवर नाव नसलं तर खाडा अन् हजेरी सारखीच, हे पहिल्याच महिन्यात कळलं. तेव्हापासून मी बटईचा इतिहास शोधतोय. शाळेनं तो शिकवला नव्हता.

तोंडीच का? मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. 1950 साली हैदराबादचा कुळ कायदा आला. कसणाऱ्याला कागदावर हक्क मिळणार म्हटल्यावर मालकांनी कागद करणंच टाळलं. रान कोण कसतो हे साऱ्या गावाला ठाऊक, दप्तराला मात्र नाही.

बाबासाहेबांनी 1918 सालीच हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेत पुरेसं आहे की नाही हे नुसत्या एकरावर ठरत नाही. त्यावर लावायला बैल, अवजारं, भांडवल किती, यावर ठरतं, असं त्यांनी मांडलं. म्हणजे दोन एकर अन् मोकळे हात ही शेती नव्हे. 1947 साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात ते आणखी पुढं गेले. शेती हा सरकारी उद्योग व्हावा, जमीन गावातल्या कुटुंबांना जात न बघता द्यावी, त्यांनी ती सामुदायिक कसावी, पाणी-जनावरं-बियाणं सरकारनं पुरवावं. जमीनदार नाही, कूळ नाही, भूमिहीन मजूर नाही. घटनेत हे आलं नाही.

मग लोक रानात उतरले. 1953 साली मराठवाड्यात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशननं पडीक-गायरान जमिनींसाठी सत्याग्रह केला. 6 डिसेंबर 1964 पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर भूमिहीनांनी तुरुंग भरले. 1978 साली नामांतराच्या ठरावावरून आमच्या वस्त्या जाळल्या, नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे मारले गेले. तो राग नुसता विद्यापीठाच्या नावाचा नव्हता. गावकी सोडून गायरान कसणाऱ्या हातांचाही होता. 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय 1991 साली निघाला, तरी कित्येकांची नावं अजून अतिक्रमणाच्या वहीतच पडून आहेत.

आणि नावावर झालेली जमीन तरी एकट्याकडे टिकते का? सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला दलित कुटुंबांची रानं गहाण पडली होती. 1969 साली मधुकर देवल यांच्या पुढाकारानं विठ्ठल संयुक्त सहकारी शेती संस्था निघाली. कर्ज उभं करून रानं सोडवली, एकत्र कसली. गहाणाच्या कागदावरचं नाव सभासदांच्या वहीत आलं. पुढाकार मात्र वस्तीबाहेरच्या माणसाचा होता. आता तो आपला पाहिजे.

कायदा काही अवघड नाही. 1960 च्या सहकारी संस्था कायद्यात वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात. अर्ज अन् उपविधी घेऊन तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे जायचं. लहान गटाला 1932 चा भागीदारी कायदा आहे. त्यात दोघंही चालतात. तिथं नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणी नसली तर भागीदाराला करारातला हक्क कोर्टात मागता येत नाही. म्हणजे पुन्हा बटईच!

हे आज लिहितोय त्याला कारण आहे. आमच्या वस्तीतली काही घरं मिळून फुलं लावायचं म्हणतायत. मुदखेडची फुलं रोज बाजार मागतात, अन् एकट्याच्या टोपलीला गाडीभाडं परवडत नाही. हे कळल्यावर त्याच जुन्या मालकाच्या घरचा पोरगा आला. "मी बी भागीदार होतो. ट्रॅक्टर माझा, बँकेच्या सह्या मी करतो. तुम्ही निवांत राहा." दोघं-तिघं हुरळले. कोऱ्या कागदावर अंगठे द्यायला निघाले.

मी त्यांना थांबवलं. करारात लिहा: रान भागीदारीला देतो की नुसतं कसायला देतो? मोघम राहिलं तर रानच भागीदारीच्या मालकीचं ठरायची भीती. नफा कसा वाटायचा, तोटा कुणी सोसायचा? कामाचे दिवस कोण मांडणार? कुणी मेला किंवा बाहेर पडला तर त्याचा हिस्सा कसा काढायचा? खुरपणारी माय मजूर की भागीदार? बँकेत सही एकट्याची नको. वही दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचायची.

परवा रात्री वस्तीत मसुदा मोठ्यानं वाचला. बा कोपऱ्यात बसून ऐकत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "ह्यात आपलं नाव कुठंय, बोट ठेवून दाव." मी दाखवलं. मग त्यानं मायचं नाव विचारलं. ते नव्हतं. ते घातल्याशिवाय अंगठा देणार नाही म्हणाला.

दोस्तांनो, मोर्चे काढा, सभा घ्या. पण आपापल्या वस्तीत एकेक वही उघडा. लिहिता येतं त्यानं लिहावं, अन् लिहिलेलं सगळ्यांना वाचून दाखवावं. आमचा मसुदा पुन्हा लिहायला घेतलाय, या वेळी मायच्या नावासकट.

जयभीम.