मराठी चित्रपटातील स्त्री आणि तिचा स्वाभिमान

मराठी चित्रपटाचा इतिहास सांगताना दिग्दर्शकांची व चित्रसंस्थांची नावे आपण आदराने घेतो. परंतु पडद्यावरील स्त्रीला मान कसा मिळत गेला, या प्रश्नाचे उत्तर पडद्यामागेही शोधले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली. कारण या कामास स्त्री मिळेना. त्यानंतरच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. पतीपासून विभक्त झालेल्या दुर्गाबाई चरितार्थासाठी रंगभूमीवर आल्या होत्या. तेव्हा या धाडसामागे हौसेपेक्षा पोटाची निकड अधिक होती.

पुढे १९३७ साली 'प्रभात'चा 'कुंकू' आला. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरील या चित्रपटातील नीरा, फसवून लादलेल्या वृद्ध पतीचा स्वीकार करीत नाही. हा नकार त्या काळी विलक्षणच होता. तथापि तिची सुटका अखेर घडते ती पतीच्या पश्चात्तापाने आणि आत्महत्येने. नीरा लढते, पण निकाल पुरुषाच्या हाती राहतो.

नीरा साकारणाऱ्या शांता आपटे यांच्या वाट्याला अशी सोय नव्हती. करारासंबंधीच्या वादातून १९३९ साली त्यांनी 'प्रभात'च्याच दाराशी उपोषण आरंभिले, आणि १९४० साली 'जाऊ मी सिनेमांत?' हे पुस्तक लिहून या व्यवसायाचे अंतरंग वाचकांपुढे मांडले. कथेतील नायिकेपेक्षा तिची भूमिका करणारी स्त्री दोन पावले पुढे गेली होती. तीस वर्षांनी, १९७० साली, हंसा वाडकर यांनी 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनात स्वतःच्या जीवनातील फरफट निर्भीडपणे सांगितली. त्यावरूनच १९७७ साली श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' निर्माण झाला.

कथेने हे अंतर भरून काढण्यास १९८२ साल उजाडले. जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा'मधील सुलभा शेवटी एकटीच घराबाहेर पडते. तिचा प्रश्न सोडविण्यासाठी कोणी पुरुष मरत नाही की पालटत नाही. म्हणूनच 'कुंकू'चे गुणगान करताना त्या चित्रसंस्थेच्या दाराशी घडलेले उपोषणही आपण विद्यार्थ्यांना सांगावे. चित्रपटाच्या इतिहासात त्याचे स्थान चित्रपटाइतकेच मोलाचे आहे.