शोभेची दारू आणि कडब्याची गंजी

दारू म्हटलं की हल्ली पोरांना बाटली आठवते. आमच्या लहानपणी जत्रेची दारू म्हणजे शोभेची दारू. जिन्नस तीनच: सोरा, गंधक आणि कोळसा. कोळसाही कुठला चालत नाही, हलका लागतो. रुईचा, नाहीतर तुराट्यांचा. ज्या तुराट्या आपण चुलीत घालतो, त्यांचाच कोळसा बंदुकीच्या दारूत जायचा, हे शेतकऱ्यालासुद्धा ठाऊक नसतं.

ही विद्या मूळची चीनची. आपल्याकडं ती आधी लढाईत आली आणि मग राजेरजवाड्यांच्या शोभेत. पेशव्यांच्या बखरीत एक गोष्ट आहे. महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना कोट्याची दिवाळी कशी असते ते सांगितलं. तिथला राजा दारूची लंका करवतो, त्यात राक्षस, वानर, हनुमान सगळे दारूचेच. हनुमंताच्या शेपटीला बत्ती दिली की लंका जळायची. पेशव्यांना हौस वाटली आणि त्यांनी तसंच पर्वतीच्या पायथ्याला करवलं. मला यात एवढंच दिसतं की कोट्याची लंका शहराबाहेर, पुण्याची पर्वतीखाली. वाड्याच्या चौकात कुणी केली नाही.

गावोगावच्या जत्रेतही तीच रीत. तासगाव तालुक्यातल्या कवठेएकंदला दसऱ्याच्या रात्री पालखीपुढं अजून दारूकाम होतं, लांबलांबून माणसं येतात. बत्ती देणारा जाणता, बाकीचे बघे. दारू हाताळणं हा धंदा होता, खेळ नव्हता. जाणत्यांनाही अपघात चुकले नाहीत, मग नवख्याची काय कथा!

घरच्या दिवाळीत आमची आजी पायाखाली कारीट फोडायला लावायची. झाला आवाज. पुढं 1920 च्या दशकात शिवकाशीचे दोन तरुण कलकत्त्याला जाऊन काडेपेटीचं काम शिकून आले. त्यातून तिथं काडेपेट्यांचे, मग फटाक्यांचे कारखाने वाढले आणि पुडकी आमच्या आठवडी बाजारात आली. लवंगी, भुईनळा, सुतळी बॉम्ब. दारू अंगणात आली, पण जाणता माणूस काही पुडक्यात बांधून आला नाही.

पोरं तर चावीच्या भोकात पोटॅश-गंधक ठासून, खिळा घालून भिंतीवर आपटायची. हे मिश्रण नुसत्या घासण्यानं पेटतं. 1992 साली सरकारनं फटाक्यांत क्लोरेट आणि गंधक एकत्र वापरायला बंदी घातली, ती उगाच नाही.

आता आमचं शेतकऱ्याचं गणित बघा. दिवाळी येते ती ऐन सुगीत. अंगणात मळणीचं सोयाबीन, गोठ्यावर पाचट, पलीकडं गंजी. आमच्या वस्तीवर एका लक्ष्मीपूजनाला कुणाचा तरी बाण तिरका गेला आणि शेजाऱ्याच्या गंजीत शिरला. विहिरीवरच्या मोटारीला तेव्हा लाईट नव्हती. बायकांनी घागरींनी पाणी ओतलं, पण वाळला कडबा थांबतोय होय? जनावरं दावी कापून सोडली म्हणून वाचली. फाल्गुनात त्यानं बैलजोडी विकली, वैरण विकत घेणं परवडेना.

तेव्हापासून आमच्याकडं फटाके मोकळ्या रानात, तेही वारा पडला तरच. दोन बादल्या पाणी आधी, मग पुडकं उघडायचं. बाण उडवायचा तर वाळू भरलेल्या बाटलीतून, गंजीकडं पाठ करून. वात लांब उदबत्तीनं पेटवायची, वर वाकायचं नाही. विझलेला दिसला तरी फटाका हातात घ्यायचा नाही; लांबूनच पाणी ओतायचं. पोरांच्या अंगात सुती कपडा, पायात चप्पल. भाजलं तर शाई नको, टूथपेस्ट नको, वीस मिनिटं साधं पाणी आणि मग दवाखाना. एक नातू कुरकुरतो, “आबा, तुमच्यात मजाच न्हाई.” नसू दे.

फुलबाजी निरुपद्रवी वाटते, पण विझल्यावरही तिची तार चटका देते. म्हणून तारा पाण्याच्या घमेल्यात. सकाळी सून त्या मोजून गोळा करते. उकिरड्यात गेल्या तर शेणखतातून रानात जातात, आणि भांगलणीला बसलेल्या बाईच्या पायात नाहीतर म्हशीच्या पोटात निघतात.